व्रणाचें माप

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत सध्यां मापनाचें एक मोठें कार्य चाललें आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारली जात आहे. एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें तिच्यासाठीं सुमारें २,६०० कोटि रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. परस्परांशीं काटकोन करणाऱ्या चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून प्रकाशकिरण धांवतील, आणि विश्वाच्या कोठल्यातरी दूर प्रदेशांत दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं म्हणजे या भुजांच्या लांबींत जो फरक पडतो तो तेथें मोजला जाईल. हा फरक अणूच्या गर्भांतील एका प्रोटॉनाच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनहि सूक्ष्म असूं शकतो. वर्गांत हें सांगितलें कीं माझे विद्यार्थी थक्क होतात, मीहि होतों. परंतु गेल्या तीन वर्षांत ज्या मापानें माझी झोंप उडविली तें याहून फारच स्थूल होतें. तें एका कागदावर छापलेलें होतें आणि तें माझ्या थोरल्या बंधूंच्या फुप्फुसांचें होतें.

अण्णा वसमतच्या बाजूस शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना कोरडा खोकला लागला. प्रथम तो हवेचा, मग हळदीच्या दिवसांतील धुळीचा आणि शेवटीं वयाचा, असें घरांत ठरत गेलें. माळवदावर चढतांना ते मध्येंच थांबूं लागले तेव्हां आम्हीं त्यांना एका मोठ्या शहरीं नेऊन छातीचा सीटी स्कॅन करविला. फुप्फुसांत व्रण होत आहेत, म्हणजे जेथें श्वासानें फुलणारी स्पंजासारखी मऊ जागा असावयाची तेथें कठीण तंतूंचें जाळें विणलें जात आहे, असें निदान झालें. निदानाच्या कागदाबरोबर आणखी एक कागद होता. त्यावर फुप्फुसांचें चित्र निरनिराळ्या रंगांनीं रंगविलेलें होतें व खालीं लिहिलें होतें: रोगग्रस्त भाग, १८ टक्के. हा आंकडा कोणा मनुष्यानें काढलेला नव्हता. संगणकानें काढला होता.

तो कसा काढतात हें समजून घेण्याची मला साहजिकच उत्कंठा लागली. सीटी स्कॅनचा जनक हाउन्सफील्ड यानें १९७१ सालीं लंडनजवळच्या एका रुग्णालयांत पहिल्या रोग्याचें चित्र घेतलें; त्याला कॉर्मॅकबरोबर १९७९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या नांवाच्या मोजपट्टींत पाण्याला शून्य व हवेला उणें १,००० अंक दिलेले आहेत. निरोगी फुप्फुस बहुतांशीं हवेनें भरलेलें असल्यामुळें त्याचा अंक हवेच्या बाजूस झुकतो; व्रण पडला कीं तो पाण्याच्या बाजूस सरकूं लागतो. संगणक सबंध फुप्फुसाचे लक्षावधि सूक्ष्म घन कल्पितो, प्रत्येकाची घनता पाहतो आणि शेजारच्या घनांशीं मिळून तेथें कोणता पोत दिसतो हें ठरवितो. घासलेल्या कांचेसारखा धूसरपणा, रेषांचें जाळें, मधाच्या पोळ्यासारखीं छिद्रें, असे हे पोत आहेत. ज्यानें हजारों जुनीं चित्रें पाहिलीं आहेत असा हा कार्यक्रम एकेका घनाला एकेक नांव देतो, आणि मग उरते ती साधी बेरीज व भागाकार.

यंत्राच्या हातीं असें काम देणें योग्य आहे काय, असा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित माणसें आतां विचारतात, आणि उत्तरहि प्रश्नांतच भरून ठेवतात. अनुभवी डॉक्टरची नजर कोठें आणि निर्जीव यंत्राचा हिशेब कोठें, असा त्यांचा सूर असतो. या सुराशीं मी सहमत नाहीं. नजरेची कीर्ति आपण समजतों तितकी निष्कलंक नाहीं. फुप्फुसांतील मधाचें पोळें हें या रोगाचें एक महत्त्वाचें लक्षण. पण तें आहे कीं नाहीं याविषयीं त्या विषयांत मुरलेल्या तज्ज्ञांचेंहि एकमत होत नाहीं, असें वारंवार दिसून आलें आहे. २०१८ सालीं वॉल्श व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १५० रोग्यांचीं चित्रें ९१ तज्ज्ञांपुढें व एका संगणकापुढें ठेवलीं. बहुमत हें प्रमाण धरून पाहतां तज्ज्ञांचें मध्यम यश ७०.७ टक्के आणि यंत्राचें ७३.३ टक्के भरलें. फरक थोडा आहे, परंतु ज्या नजरेच्या भरंवशावर आपण यंत्राला हिणवतों तीहि दहांपैकीं तीन वेळां बहुमताशीं जुळत नाहीं, हें त्यावरून कळतें.

दुसरी गोष्ट न्यायाची आहे. अनुभवी नजर मुंबई-पुण्यास मिळते. सेनगांव किंवा कळमनुरी तालुक्यांतल्या शेतमजुराला ती कोठून मिळावी? क्षयरोगाच्या बाबतींत हें उघड झालेंच आहे. छातीचें क्ष-किरणचित्र वाचून क्षयाचा संशय दाखविणारीं यंत्रें आज वापरांत आहेत. २०१६ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या क्यूअर-एआय या संस्थेचें यंत्र त्यांपैकींच एक. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें १५ वर्षें व त्यावरील वयाच्या लोकांच्या तपासणींत अशीं यंत्रें मनुष्य-वाचकाऐवजीं वापरण्यास मोकळीक दिली, तिचें एक कारण वाचणारीं माणसें पुरेशीं नाहींत हें होय. ज्याच्या वाट्याला नजरच येत नाहीं त्याला नजरेचें माहात्म्य सांगणें ही निर्दयता आहे.

तेव्हां मापाविरुद्ध माझी तक्रार नाहीं. माझा प्रश्न निराळा आहे, आणि तो मला पुस्तकांनीं शिकविला नाहीं. अण्णांच्या दुखण्यानें शिकविला.

त्या शहरांतले डॉक्टर वृद्ध होते. त्यांनीं तो अठरा टक्क्यांचा कागद पाहिला, बाजूस ठेवला आणि पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. घरांत कबुतरें येतात का? धान्याची कोठी कोठें आहे? चूल कोण फुंकतें? शेवटीं विचारलें, "उन्हाळ्यांत कूलर लावतां का? त्याचें गवत केव्हां बदललें?" अण्णा हंसले. मराठवाड्यांत कूलरवांचून उन्हाळा काढणारा मध्यमवर्गीय आतां विरळाच. आणि गवत बदलण्याची आठवण आपल्याला केव्हां होते, तर वास येऊं लागतो तेव्हां. डॉक्टरांनीं तेंच लिहून घेतलें. मागाहून मला कळलें कीं हा प्रश्न लहरीचा नव्हता. भारतांतील १९ शहरांतल्या २७ केंद्रांतून जमविलेली १,०८४ रोग्यांची एक नोंद २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. श्वासावाटें गेलेल्या सेंद्रिय कणांविरुद्ध फुप्फुस बंड करून उठतें अशा प्रकारचा रोग तींत सर्वांत अधिक, म्हणजे ४७.३ टक्के रोग्यांत, आढळला. आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या बाबतींत बोट कूलरकडे दाखविलें गेलें. ओल्या गवतांत बुरशी वाढते आणि पंखा ती घरभर पसरवितो. अठरा हा आंकडा व्रण किती हें सांगत होता. कूलरविषयीं त्याला कांहींच सांगतां येत नव्हतें, कारण तें त्याला कोणी विचारलेंच नव्हतें. त्याच दिवशीं फोन करून कूलर बाहेर काढविला.

अकरा महिन्यांनीं दुसरा स्कॅन झाला. या वेळीं आम्ही सोयीसाठीं जवळच्या एका केंद्रांत गेलों. कागदावर आंकडा आला २६. घरांत काय झालें असेल तें सांगावयास नको. अठराचे सव्वीस एका वर्षांत, तर आणखी दोन वर्षांत किती, हें त्रैराशिक घरांतल्या प्रत्येकानें मनांत केलें आणि कोणीं बोलून दाखविलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अण्णा शेताच्या सातबाऱ्याचे उतारे जुळवीत बसलेले दिसले. एक निवृत्त शाळामास्तर एका टक्केवारीवरून आपल्या मृत्यूचें वर्ष काढीत होता.

मी त्या केंद्रांत पुनः गेलों. इतकी वाढ कशी झाली, हा आंकडा कितपत विश्वसनीय, असें नम्रपणें विचारलें. तेथील गृहस्थांनीं कागद पाहिला आणि सांगितलें, "सर, हा आंकडा आमचा नाहीं, यंत्राचा आहे."

मीं तीस वर्षें तर्कशास्त्र शिकविलें. पण या वाक्याइतकें मला कोणत्याच वाक्यानें कुंठित केलें नाहीं. वाक्य खरें होतें. आंकडा यंत्राचाच होता. आणि तरीहि तें उच्चारतांच त्या खोलींतून कोणीतरी निघून गेलें असें मला वाटलें. ज्याला मी प्रश्न विचारूं शकेन असा त्या आंकड्यामागें आतां कोणी उरला नव्हता.

वृद्ध डॉक्टरांनीं दोन्ही चित्रें पडद्यावर शेजारीं शेजारीं लावलीं. मग अण्णांना विचारलें, "मास्तर, या वेळीं आंत असतांना खोकला आला होता का?" अण्णांना आठवलें. "श्वास घ्या, धरून ठेवा" असा आवाज येतो, तेव्हां त्यांना उबळ आली होती आणि पुरता श्वास भरला नव्हता. अर्धवट फुगलेलें फुप्फुस दाट दिसतें, आणि दाट दिसणें हाच यंत्राच्या हिशेबीं व्रणाचा एक पुरावा आहे. फुंकरीच्या तपासणींत अण्णांची श्वासशक्ति तर गेल्या वर्षाइतकीच भरली. पुनः नीट श्वास भरवून चित्र घेतलें तेव्हां आंकडा आला १९.

येथें यंत्र फसलें असें म्हणावयाचा मोह होतो. पण सत्य याहून अधिक बोंचणारें आहे. त्या सव्वीस टक्क्यांच्या कागदावर, दोन ओळी खालीं, फुप्फुसांचें एकूण आकारमानहि छापलेलें होतें, आणि तें मागच्या वेळेपेक्षां जवळजवळ अर्ध्या लिटरनें कमी होतें. यंत्रानें आपल्या साक्षीबरोबर साक्षीचा दोषहि प्रामाणिकपणें नमूद केला होता. तो वाचण्याचें काम मनुष्याचें होतें आणि मनुष्य म्हणाला, आंकडा आमचा नाहीं.

गोष्ट येथेंच संपती तर नजर श्रेष्ठ ठरवून मला हा लेख पुरा करतां आला असता. पण पुढच्या वर्षीं उलटें झालें. डॉक्टरांनीं नवें चित्र जुन्याशीं ताडून पाहिलें आणि "कांहीं फरक दिसत नाहीं" असें सांगितलें. यंत्राचा आंकडा होता २३, आणि या वेळीं श्वास पुरता भरलेला होता. डॉक्टरांनीं थांबून पाहण्याचा सल्ला दिला. चार महिन्यांनीं फुंकरीच्या तपासणींत श्वासशक्ति स्पष्टपणें घटलेली आढळली. व्रणाची वाढ मंद करणारें औषध तेव्हां सुरू केलें; झालेला व्रण पुसणारें औषध अद्यापि नाहीं. तें चार महिने आधीं सुरू झालें असतें तर किती लाभ झाला असता, हें कोणी सांगूं शकत नाहीं. पण डॉक्टर स्वतः होऊन अण्णांना म्हणाले, "मास्तर, यंत्राला दिसलें तें मला दिसलें नाहीं. चूक माझी. यापुढें दोहोंत तफावत पडली तर मी तुम्हांला महिन्याभरांत पुनः तपासल्याशिवाय राहणार नाहीं."

या दोन प्रसंगांची तुलना मी पुष्कळ दिवस करीत आहें. पहिल्यांत केंद्राच्या बेपर्वाईनें आम्हांला भलती भीति मिळाली, दुसऱ्यांत डॉक्टरांच्या अति विश्वासानें भलता धीर मिळाला. परिणामाच्या तराजूंत घातलें तर कदाचित् दुसरी चूकच जड भरेल, कारण भीति गेली, गेलेले चार महिने आले नाहींत. असें असूनहि अण्णांचा त्या डॉक्टरांवरील विश्वास कमी झाला नाहीं, आणि त्या केंद्राची पायरी ते पुनः चढले नाहींत. हा केवळ भावनेचा खेळ आहे काय? मला तसें वाटत नाहीं. डॉक्टरांच्या चुकीला धनी होता, म्हणून ती चूक पुढच्या वागणुकींत कांहीं फरक घडवूं शकली. केंद्राच्या चुकीला धनी नव्हता, म्हणून ती उद्यां दुसऱ्या कोणा मास्तराच्या वाट्याला जशीच्या तशी जाईल. मापाचा नैतिक प्रश्न माझ्या मतें हा आहे: तें कोण आपलें म्हणतो?

यावर एक आक्षेप येईल आणि तो भक्कम आहे. यंत्र जें पाहतें तें मनुष्याला दिसतच नसेल तर त्यानें तें आपलें म्हणावें तरी कसें? अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें तयार झालेल्या 'कॅलिपर' नांवाच्या कार्यक्रमाचें उदाहरण घ्या. लंडनच्या संशोधकांनीं तो वापरला तेव्हां असें आढळलें कीं फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांशीं संबद्ध अशा भागाचें आकारमान, जें कोणताहि डॉक्टर नुसत्या डोळ्यांनीं कधीं मोजीत नव्हता, तें रोग्याच्या भवितव्याचा अंदाज पूर्वींच्या दृष्टिमापनापेक्षां चांगला देतें. अशा मापाखालीं सही करणारा डॉक्टर कचेरींतल्या शिक्केवाल्या कारकुनाहून वेगळा कसा?

या आक्षेपाचें उत्तर मला औंढ्याच्या माळावर सांपडतें. गुरुत्वलहर कोणा शास्त्रज्ञानें डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं व कोणी पाहणारहि नाहीं. तरीहि ते तिचें माप आपलें म्हणतात, कारण तें माप कोणकोणत्या कारणांनीं खोटें ठरूं शकेल हें त्यांनीं आधीं शोधून ठेवलेलें असतें. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली लहर सांपडली ती अमेरिकेंतील एकमेकींपासून सुमारें ३,००० किलोमीटर दूर असलेल्या दोन वेधशाळांत, सात सहस्रांश सेकंदांच्या अंतरानें. एकाच वेधशाळेची साक्ष असती तर तिच्यावर इतका भरंवसा टाकतां आला नसता. त्याच्याहि आधीं, २०१० सालीं, त्यांच्यांतल्याच कांहीं मोजक्या लोकांनीं उपकरणांत गुपचूप एक खोटी लहर सोडली होती. शेंकडों शास्त्रज्ञांनीं कित्येक महिने तिचा अभ्यास केला, निबंध लिहून तयार ठेवला, आणि मग ती खोटी असल्याचें त्यांना सांगण्यांत आलें. आपली फसगत होऊं शकते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांनीं आपणहून हें सोसलें. एवढ्या सूक्ष्म मापाचे धनी आपल्या मापाविषयीं एवढे साशंक आहेत, आणि छातीच्या एका चित्रावरून टक्केवारी देणारे आपण मात्र ती निःशंकपणें पाकिटांत घालून देतों.

म्हणजे माप आपलें म्हणण्यास तें स्वतः काढलें पाहिजे असें नाहीं. तें कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे, कोणत्या परिस्थितींत तें चुकतें आणि ती परिस्थिति या रोग्याच्या बाबतींत होती कीं नव्हती, एवढें जाणलें पाहिजे. श्वास पुरा भरला होता काय, दोन्ही चित्रें सारख्याच रीतीनें घेतलीं काय, फुंकरीची साक्ष जुळते काय, हे प्रश्न एका इयत्तेच्या फळ्यावर मावतील. ते विचारणारा शिक्केवाला नव्हे.

आमच्या जिल्ह्याला मापाची एक जुनी गोष्टहि ठाऊक आहे. नामदेवमहाराजांचा जन्म परंपरेनें येथील नरसी गांवचा. तेरढोकीस संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईनें गोरोबाकाकांना विचारलें कीं यांतलीं मडकीं पक्कीं कोणतीं व कच्चीं कोणतीं. आणि काकांनीं थापटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलें, अशी कथा आहे. इतर स्वस्थ बसले. नामदेवांना राग आला, आणि तेच कच्चें मडकें ठरले. विशेष हा कीं व्हिएन्नाच्या औएनब्रुगर नांवाच्या वैद्यानें १७६१ सालीं छाती बोटांनीं ठोकून आंतला विकार ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली, तीहि त्याला आपल्या खाणावळवाल्या बापाच्या पिंपें ठोकण्यावरून सुचली असें सांगतात. ठोकून पाहणें ही विद्या कुंभाराची, खाणावळवाल्याची आणि वैद्याची एकच आहे.

लहानपणीं ही कथा ऐकतांना मला नामदेवांचा अपमान झाला असें वाटे. आतां दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, ज्याचें माप घेतलें जातें त्याला तें लागतें. नामदेवांना थापटी लागली, अण्णांना सव्वीस टक्के लागले; मापणाऱ्यानें हें विसरणें हा निष्काळजीपणाच. दुसरी ही कीं, 'कच्चें' हा निर्णय गोरोबांनीं स्वतः दिला. ही थापटी असें सांगते, माझें कांहीं म्हणणें नाहीं, असें ते म्हणाले नाहींत. आणि त्या निर्णयानंतर नामदेवांना वाट सांपडली. ती त्यांना औंढ्यास विसोबा खेचरांकडे घेऊन गेली. कच्चें ठरण्यांत त्यांच्या गोष्टीचा शेवट नव्हता. रोग्याच्या हातीं आंकडा देणाऱ्यानेंहि, पुढें कोठें जावयाचें हें त्याबरोबर सांगितलें पाहिजे.

पुढील महिन्यांत अण्णांचा पुनः स्कॅन आहे. सकाळीं अंगणांतल्या निंबाखालीं बसून ते खोल श्वास घेऊन धरून ठेवण्याचा सराव करतात. मनांत दहापर्यंत आंकडे मोजतात, कधीं सातावरच उबळ येते. कूलर गोठ्याच्या मागें पडलेला आहे आणि यंदाचा उन्हाळा त्यांनीं ओल्या पंचावर काढला. काल मला म्हणाले, "अरे, या वेळीं आंकडा काय येईल तो येवो. पण कागद हातांत देणाऱ्याला तूं आधीं विचार, हा आंकडा तुमचा का? हो म्हणाला तरच घे." मीं होकार दिला आहे.